शंभरातली मी कितवी?

आमच्या वस्तीतल्या मावशींना दोन वर्षांपूर्वी हार्ट अटॅक आला तेव्हा त्या ५२ वर्षांच्या होत्या. चार घरची धुणीभांडी, घरी नवरा, मुलगा, सून, नातू. दोन दिवस जबडा आणि पाठ दुखत होती, मळमळत होतं, जिना चढताना दम लागत होता. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी ॲसिडिटीची गोळी दिली. तिसऱ्या दिवशी कामाच्या घरी मोरीतच त्या खाली बसल्या आणि त्या घरच्या बाईने रिक्षा बोलावली. मोठ्या रुग्णालयात ईसीजीत फारसं काही दिसलं नाही, पण रक्ताच्या तपासणीत अटॅक निघाला. चार दिवसांनी अँजिओग्राफी, मग एक स्टेंट. खर्च सरकारी योजनेतून झाला. आठवड्याने घरी सोडलं.

सोडायच्या दिवशी मी सोबत होते. डॉक्टर तरुण होता, स्वभावाने चांगला, घाईत असूनही थांबून बोलणारा. त्याने मोबाइलवर एक तक्ता उघडला, त्यात मावशींचं वय, नाडीचे ठोके, रक्तदाब, क्रिएटिनिन असे आकडे भरले आणि उत्तर आम्हाला दाखवलं. पुढच्या सहा महिन्यांसाठी धोका कमी. "काळजी करू नका मावशी, तुमच्यासारख्या शंभर जणांत दोघातिघांनाच..." पुढचं वाक्य त्याने गिळलं. मावशी म्हणाल्या, "आन् त्या शंभरातली मी कितवी?" डॉक्टर हसला. मीही हसले. मावशी हसल्या नव्हत्या.

अकरा महिन्यांनी त्यांना दुसरा अटॅक आला. आता हृदयाचं पंपिंग ३० टक्क्यांवर आहे आणि चार घरांपैकी एकच घर उरलं आहे, तेही फक्त भांड्यांचं.

तक्ता खोटा ठरला असं मी म्हणणार नाही. तो सहा महिन्यांचं सांगत होता आणि सहा महिने मावशी खरोखरच ठीक होत्या. माझं भांडण वेगळं आहे. अटॅक येऊन गेलेल्या माणसाचं पुढे काय होणार याचे ठोकताळे जगभरच्या डॉक्टरांनी गेली साठ वर्षं मेहनतीने बांधले आहेत. त्या ठोकताळ्यांत काय विचारलं जातं, काय विचारलंच जात नाही, आणि न विचारलेल्याची किंमत कोण मोजतं, हे आपण बायकांनी बघायला हवं. 'हे वैद्यकीय आहे, आपल्याला काय कळणार' असं म्हणून आपण ते सोडून दिलं आहे.

हे तक्ते आहेत तरी काय? १९६७ साली किलिप आणि किंबॉल या दोन डॉक्टरांनी अमेरिकेत अटॅक आलेल्या २५० रुग्णांच्या नोंदी मांडल्या. त्यांनी रुग्णांचे चार वर्ग केले. छातीत पाणी साठल्याची खूण नाही तो पहिला वर्ग, आणि रक्तदाब पार कोसळून शरीर गार पडलंय तो चौथा. पहिल्या वर्गातले १०० पैकी ६ दगावले, चौथ्यातले ८१. साधी गोष्ट, पण तिने वॉर्डातलं काम बदललं, कारण कोणाकडे आधी धावायचं ते कळू लागलं. २००० साली 'टिमी' नावाची सात प्रश्नांची मोजणी आली. १९९९ पासून अनेक देशांतल्या रुग्णालयांच्या नोंदी एकत्र करून 'ग्रेस' नावाचा तक्ता तयार झाला. मावशींच्या डॉक्टरने मोबाइलवर उघडला होता तो हाच. ग्रेसची सुधारलेली आवृत्ती एक वर्ष आणि तीन वर्षांपर्यंतचा अंदाज देते.

या सगळ्यांत भविष्य असं काही नसतं. दुसऱ्यांच्या भूतकाळाची ती बेरीज असते. तुमच्यासारखे आकडे असलेल्या इतक्या लोकांचं काय झालं, एवढंच ती सांगते. म्हणून मावशींचा प्रश्न अगदी नेमका होता. शंभरांत तीन जाणार हे तक्ता सांगतो, त्या तिघी कोण हे सांगत नाही. ते ठरतं तक्त्याच्या बाहेर, आणि बरंचसं रुग्णालयाच्याही बाहेर.

आता पहिला प्रश्न असा की, हे 'दुसरे' कोण? ज्यांच्या भूतकाळावर आपला अंदाज बांधायचा, ती माणसं कोण होती? फ्रेमिंगहॅम या अमेरिकेतल्या गावात १९४८ साली हृदयविकाराचा मोठा अभ्यास सुरू झाला त्यात निम्म्याहून जास्त बायका होत्या, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण पुढे औषधं आणि उपाय तपासण्याची वेळ आली तेव्हा बायका गायब झाल्या. १९८२ साली निष्कर्ष जाहीर झालेल्या एका प्रचंड अमेरिकी प्रयोगात १२,८६६ जण होते आणि ते सगळे पुरुष. त्या प्रयोगाच्या नावाची आद्याक्षरं जुळवली की 'मिस्टर फिट' असं वाचता येतं. ॲस्पिरिनने अटॅक टळतो का हे २२,०७१ डॉक्टरांवर पाहिलं गेलं, १९८९ साली निष्कर्ष छापून आले, आणि तेही सगळे पुरुष डॉक्टर. १९७७ पासून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मूल होण्याच्या वयातल्या बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळायला सांगितलं होतं. ते धोरण १९९३ साली बदललं. म्हणजे बाईकडे बघायचं तर संभाव्य आई म्हणून. तिला हृदय आहे ही गोष्ट नंतरची.

बर्नाडिन हीली या हृदयरोगतज्ज्ञ बाई १९९१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पहिल्या स्त्री-प्रमुख झाल्या. त्यांनी त्याच वर्षी या प्रकाराला 'येंटल सिंड्रोम' असं नाव दिलं. येंटल ही आयझॅक सिंगर यांच्या कथेतली ज्यू मुलगी. धर्मग्रंथ शिकता यावेत म्हणून ती पुरुषाचा वेष घेते. हीली यांचं म्हणणं असं की आपला आजार पुरुषासारखा आहे हे बाईने सिद्ध केलं, तरच तिला पुरुषासारखे उपचार मिळतात. मावशींची ॲसिडिटीची गोळी आठवा. छातीत दुखणं हे बायकांमध्येही सर्वांत जास्त आढळणारं लक्षण आहे, पण बायकांना त्याबरोबर दम लागणं, मळमळ, पाठ-जबडा दुखणं, न संपणारा थकवा हे जास्त वेळा होतं. आणि थकवा ही बाईची तक्रार कोण मोजतं? तो तर तिचा रोजचा भत्ता.

मला जे सर्वांत खटकतं ते अजून पुढेच आहे. टिमीच्या सात प्रश्नांपैकी एक असा, की हृदयाच्या रक्तवाहिनीत निम्म्याहून जास्त अडथळा आहे हे आधीपासून माहीत आहे का? दुसरा, गेल्या सात दिवसांत ॲस्पिरिन घेतली होती का? तिसरा, मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान, घराण्यात हृदयविकार यांपैकी किमान तीन गोष्टी आहेत का? प्रत्येक 'हो'ला एक गुण, गुण जास्त तर धोका जास्त. आता जिची अँजिओग्राफी सोडा, साधी शुगरही कधी कोणी तपासली नाही, जिला ॲस्पिरिन कोणी लिहूनच दिली नाही, तिचं उत्तर काय? तिचं खरं उत्तर 'माहीत नाही' असं आहे. पण तक्त्यात 'माहीत नाही'ला जागा नाही, तिथे ते 'नाही' असं भरलं जातं. म्हणजे जिच्याकडे आयुष्यभर दुर्लक्ष झालं, ती तक्त्यात जास्त सुरक्षित दिसते! दुर्लक्षाचे गुण कमी पडतात आणि कमी गुण म्हणजे कमी धोका, मग घाई करायचं कारण नाही.

मावशींना विचारलं होतं, "सिगारेट, बिडी?" त्या म्हणाल्या, "नाही हो." प्रश्न संपला. मिश्री विचारली नाही. आपल्याकडे किती बायका सकाळ-संध्याकाळ मिश्री लावतात हे काय आपल्याला ठाऊक नाही? तीही भाजलेली तंबाखूच. ५२ देशांतल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २००६ साली आले, त्यात नुसती तंबाखू चघळणाऱ्यांनाही अटॅकचा धोका न खाणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक दिसला होता. मावशी वयाच्या बाराव्या वर्षापासून मिश्री लावत होत्या. हे मलाही त्यांच्या दुसऱ्या अटॅकनंतर कळलं, कारण मीही कधी विचारलं नव्हतं.

तसंच गर्भारपणात रक्तदाब वाढून झटके येण्याची वेळ आली होती का, हेही विचारत नाहीत, आणि अशा बाईला पुढे हृदयविकाराचा धोका जास्त असतो हे आता पक्कं माहीत आहे. गर्भाशय कधी काढलं, त्याबरोबर अंडाशयंही काढली का, हेही नाही. कमी वयात अंडाशयं गेली की हृदयाचं संरक्षण कमी होतं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर २०१९ साली गदारोळ झाला, सरकारी समिती नेमली गेली. सर्वेक्षणात १३ हजारांहून अधिक बायकांची शस्त्रक्रिया झाल्याचं पुढे आलं. आपण तेव्हा कंत्राटी मुकादम, दंड, रजा, खाजगी डॉक्टरांची कमाई यांवर बोललो, ते बोलायलाच हवं होतं. पण पस्तिशीत हे झालेल्या या बायका पन्नाशीला पोचतील तेव्हा त्यांच्या हृदयाचं काय, हा प्रश्न आपल्याही पत्रकात नव्हता.

कोणी म्हणेल, ही कार्यकर्त्या बाईची तक्रार झाली, पुरावा काय? पुरावा आता त्यांच्याच घरातून आला आहे. २०२२ साली 'लॅन्सेट' या इंग्लंडमधल्या वैद्यकीय साप्ताहिकात चार लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदींवरचा अभ्यास आला. मावशींना आला तसा, ईसीजीत ठळक न दिसणारा अटॅक आलेल्यांचा. त्यात दिसलं की ग्रेस तक्ता बायकांच्या रुग्णालयातल्या मृत्यूचा धोका प्रत्यक्षापेक्षा कमी सांगतो. त्या तक्त्यात बाई की पुरुष हा प्रश्नच नव्हता. संशोधकांनी बायका-पुरुषांसाठी वेगवेगळा हिशोब करून नवी आवृत्ती बनवली तेव्हा पुष्कळ बायका 'कमी धोका'मधून उचलून 'जास्त धोका'मध्ये टाकाव्या लागल्या. हा नुसता आकड्यांचा खेळ नाही, कारण लवकर अँजिओग्राफी कोणाची करायची हे याच गुणांवरून ठरवलं जातं. आणि असं काही होत असावं याचा इशारा तर १९९९ सालीच मिळाला होता. अमेरिकेतल्या पावणेचार लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदींत, पन्नाशीच्या आतल्या बायकांचे अटॅकनंतर रुग्णालयात होणारे मृत्यू त्याच वयाच्या पुरुषांच्या दुपटीहून जास्त होते. त्यानंतर तक्ता दुरुस्त व्हायला २३ वर्षं गेली.

आता आपल्या देशाकडे येऊ. इथे बाईच्या जोडीला गरिबी असते. २००८ साली 'लॅन्सेट'मध्येच भारतातल्या ५० शहरांतल्या ८९ रुग्णालयांमधल्या २०,४६८ रुग्णांचा अभ्यास आला. तीस दिवसांत श्रीमंत रुग्णांपैकी ५.५ टक्के दगावले, गरिबांपैकी ८.२ टक्के. मग त्यांनी उपचारांचा फरक हिशोबात धरला. कोणाला कुठली औषधं मिळाली, कोणाची अँजिओप्लास्टी झाली, हे समान धरून पाहिलं तर गरीब-श्रीमंतांतला मृत्यूचा फरक उरलाच नाही. हे पुन्हा एकदा वाचा. गरिबी रक्तात नव्हती, हृदयाच्या स्नायूत नव्हती, ती औषधाच्या चिठ्ठीत होती. या अभ्यासातल्या रुग्णांत बायका पाव हिश्श्याहूनही कमी होत्या. बाकीच्या बायकांना अटॅकच येत नसतील का? दिल्लीच्या एम्स रुग्णालयातल्या २०१६ सालच्या बाह्यरुग्णांच्या नोंदी तपासून २०१९ साली काही संशोधकांनी दाखवलं की रुग्ण जितक्या लांबून येतो तितक्या त्यांतल्या बायका कमी होत जातात. दिल्लीतल्या बाईला आणलं जातं, बिहारमधल्या बाईला गावातच 'बघू' म्हटलं जातं. जी रुग्णालयाच्या दारापर्यंत पोचलीच नाही, ती कुठल्याच तक्त्यात नसते. तिचा भूतकाळ कोणाच्याच बेरजेत येत नाही.

आणि जी पोचली, स्टेंट बसवून घरी आली, तिचं? मावशींच्या त्या अकरा महिन्यांचा हिशोब मी नंतर त्यांच्याजवळ बसून मांडला. स्टेंट योजनेतून मिळाला. तो बुजू नये म्हणून साधारण वर्षभर रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या सांगितल्या होत्या. शिवाय कोलेस्टेरॉलची, बीपीची आणि हृदयाचा वेग आवरणारी. रुग्णालयातून मिळालेल्या संपल्यावर सरकारी दवाखान्यात काही फुकट मिळत होत्या, पण त्यासाठी अख्खी सकाळ रांगेत जाते, म्हणजे दोन घरचं काम बुडतं. मग दुकानातून पाच-पाच दिवसांच्या कापून आणायच्या. नवऱ्यालाही बीपीच्या गोळ्या चालू आहेत. महिनाअखेरीला एकाच्याच गोळ्या आणण्याइतके पैसे असले की कोणाच्या आल्या असतील, हे तुम्हाला सांगायला हवं का? नवरा वाईट आहे असंही नाही. त्याने कधी मनाई केली नाही. मावशींनी स्वतःच आणल्या नाहीत. "माझं बरं चाललं हुतं की." आठव्या महिन्यात दोनपैकी एक गोळी बंद झाली. दुसरा अटॅक तेवढ्यानेच आला असं कोणी छातीठोक सांगू शकणार नाही, पण डॉक्टरांनी सगळ्यांत आधी विचारलं ते हेच.

विश्रांतीचं तर बोलायलाच नको. कार्डावर छापील अक्षरांत 'विश्रांती घ्या, ताण टाळा' असं लिहिलं होतं. केंद्र सरकारच्या २०१९ सालच्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात आणि जे थोडे पुरुष घरकाम करतात त्यांची ९७. मावशी बाराव्या दिवशी घरच्या चुलीपुढे आणि पंचविसाव्या दिवशी कामावर होत्या. 'मीठ-तेल कमी' हा सल्लाही असाच. पुरुषाला अटॅक आला की अख्ख्या घराचा स्वयंपाक बदलतो, लोणचं-पापड वरच्या फळीवर जातात. बाईला आला तर ती इतरांसाठी नेहमीचीच भाजी करते आणि स्वतःसाठी वेगळी आळणी भाजी करायचा गॅस आणि वेळ तिच्याकडे नसतो, म्हणून तीच खाते. मी हे चार-पाच घरांत पाहिलं आहे, बऱ्या परिस्थितीतल्या घरांतही.

हे सगळं 'सामाजिक' आहे, वैद्यकीय नाही, असं डॉक्टर म्हणतात. पण ते खरं नाही. १९८४ साली अमेरिकेत अटॅकमधून वाचलेल्या २,३२० जणांच्या अभ्यासात दिसलं होतं की ज्यांच्या आयुष्यात ताण फार आणि माणसं कमी, त्यांच्या मृत्यूचा धोका चौपट होता. तेही सगळे पुरुषच होते, पण मुद्दा तरी मान्य झाला. पुढे स्टॉकहोममध्ये क्रिस्टिना ऑर्थ-गोमेर या डॉक्टर बाईंनी फक्त बायकांचा अभ्यास केला. १९९१ ते १९९४ या काळात हृदयविकाराने रुग्णालयात आलेल्या ३० ते ६५ वयाच्या २९२ बायका. निष्कर्ष २००० साली आले. ज्यांच्या संसारात ताण फार, त्यांना पुन्हा हृदयविकार गाठण्याचा धोका जवळजवळ तिप्पट होता. नोकरीतल्या ताणाने तसा ठळक फरक दिसला नाही. स्वीडनसारख्या देशात, जिथे पाळणाघरं आहेत, पगारी रजा आहे, तिथलं हे चित्र! आपण गेली पन्नास वर्षं 'घर हीसुद्धा राजकारणाची जागा आहे' असं घसा कोरडा करून सांगतो आहोत. ते ईसीजीच्या कागदावरही उमटतं, असं या बाईंनी दाखवलं.

त्यांनी इथे थांबायचं नाकारलं म्हणून मला त्यांचं जास्त कौतुक आहे. त्यांनी २३७ रुग्ण बायका घेतल्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन भाग केले. एका भागाला नेहमीचे उपचार. दुसऱ्या भागातल्या ११२ जणींना नेहमीचे उपचार, आणि शिवाय चार ते आठ जणींचे गट करून वर्षभरात २० बैठका. बैठकीत काय? औषधं नीट घेणं, श्वास आणि स्नायू सैल सोडणं, घरातल्या-कामावरच्या ताणाबद्दल बोलणं, 'नाही' म्हणायला शिकणं. सरासरी सात वर्षं पाठपुरावा झाला. नुसत्या नेहमीच्या उपचारांच्या १२५ जणींपैकी २५ वारल्या. गटात बसलेल्या ११२ पैकी ८. हे निष्कर्ष २००९ साली छापून आले.

अभ्यास लहान आहे, श्रीमंत देशातला आहे, एकट्या त्याच्यावर फार भार टाकू नये. शिवाय उलटंही उदाहरण आहे आणि ते लपवणं बरं नाही. माँट्रियलमध्ये १९९७ साली निष्कर्ष आलेल्या एका प्रयोगात अटॅकनंतर रुग्णांना दरमहा फोन करून, ताण जाणवला तर घरी नर्स पाठवून धीर दिला गेला. त्याचा काहीच फायदा झाला नाही. बायकांमध्ये तर मृत्यू थोडे जास्तच दिसले, कदाचित योगायोगाने. मी यावर पुष्कळ विचार केला. घरी येऊन चौकशी करणारी नर्स, तिला चहा कोणी केला असेल? सासू-नवऱ्यासमोर 'काही त्रास?' विचारल्यावर कुठली बाई काय सांगेल? फरक मला एवढाच दिसतो की स्टॉकहोमच्या बायका घराबाहेर पडून, आपल्यासारख्याच बायकांमध्ये जाऊन बसल्या. हे माझं मत आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही. पण शिबिरात तिसऱ्या रात्री बायका कशा बोलू लागतात हे जिने पाहिलंय तिला ते पटायला वेळ लागणार नाही.

आणि म्हणून मला आपल्या चळवळीशीही भांडायचं आहे. १९८६ साली 'नेट-एन' या गर्भनिरोधक इंजेक्शनविरुद्ध आपल्या संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या लढ्यातून १९८८ साली महाराष्ट्रात देशातला पहिला कायदा झाला. याचा मला अभिमान आहे. पण बाईचं आरोग्य म्हणजे गर्भाशय, हे सरकारचं समीकरण आपणही नकळत उचललं. आपल्या आरोग्य शिबिरांत हिमोग्लोबिन तपासतात, अंगावरून जाण्याबद्दल बोलतात. रक्तदाबाचं यंत्र कितीजणींकडे आहे? चळवळीतल्या आपल्याच किती मैत्रिणी साठीच्या आत हृदयाने गेल्या, आणि आपण शोकसभेत 'ती स्वतःकडे बघायचीच नाही' असं कौतुकाने म्हणालो!

एक शंका एका डॉक्टर मैत्रिणीने काढली, ती रास्त आहे. ती म्हणाली, "गरिबी, नवरा, घरकाम हे सगळं तक्त्यात घातलं तर तुमच्या बायकांचे गुण इतके वाईट येतील की कोणी त्यांच्यावर खर्चच करणार नाही. विमा कंपन्या तर टपूनच बसल्यात." खरं आहे. भाकीत हे दुधारी असतं. 'धोका जास्त' याचा अर्थ 'लक्ष जास्त द्या' असाही होतो आणि 'आता काय उपयोग' असाही. म्हणून हे प्रश्न गुण वाढवण्यासाठी नकोतच. प्रत्येक प्रश्नामागे एक काम असायला हवं. 'गोळ्या कोण आणतं?' याचं उत्तर 'मीच, जमेल तेव्हा' असं आलं तर त्या बाईला तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्या, आणि तिच्या घराजवळच्या केंद्रात द्या. 'घरी गेल्यावर स्वयंपाक कोण करेल?' याचं उत्तर डिस्चार्जच्या आधी नवऱ्याला आणि मुलाला समोर बसवून घ्या. मिश्री नाव घेऊन विचारा. गर्भारपणातला रक्तदाब, गर्भाशयाची शस्त्रक्रिया विचारा. आणि शासनाने अटॅकच्या रुग्णांच्या नोंदी बायकांच्या आणि पुरुषांच्या वेगळ्या ठेवाव्यात, घरी सोडल्यानंतरच्या एका वर्षाच्या ठेवाव्यात आणि त्या जाहीर कराव्यात. नुसते किती स्टेंट बसवले याचे आकडे आम्हाला नकोत. ते बसवून घेतलेल्या बायका वर्षाने कुठे आहेत ते सांगा.

आमच्या वस्तीत गेल्या पावसाळ्यापासून आम्ही सात जणी दर दुसऱ्या मंगळवारी दुपारी अंगणवाडीच्या खोलीत बसतो. चौघींना अटॅक येऊन गेलाय, एकीची बायपास झालीय, दोघींचा बीपी फार असतो. तज्ज्ञ कोणी नाही. आधी सगळ्यांचा रक्तदाब मोजतो, मग प्रत्येकीने गोळ्यांची पाकिटं पिशवीतून काढून समोर ठेवायची. पहिल्यांदा हे केलं तेव्हा सातपैकी पाच जणींच्या पाकिटांत काही ना काही संपलेलं होतं आणि घरी कोणालाच पत्ता नव्हता. आता एकीची संपली तर दुसरीच्या रांगेत तिचीही चिठ्ठी जाते. मिश्री मात्र अजून दोघींचीच सुटली आहे. मावशींची सुटलेली नाही, आणि त्यावरून दर वेळी भांडण होतं. एकदा एकीचा नवरा दारात येऊन उभा राहिला, काय चाललंय बघायला. त्याचाही रक्तदाब मोजला, तो १७० निघाला. तेव्हापासून तो बायकोला वेळेवर पाठवतो.

काय काय विचारायचं त्याचा एक कागद आम्ही तयार केला आहे, साध्या मराठीत, एका पानाचा. तो पुरा नाही. शेतमजूर बायकांसाठी, एकट्या राहणाऱ्यांसाठी त्यात वेगळे प्रश्न लागतील, ते आम्हाला सुचलेले नाहीत. ज्या गटांना तो हवा असेल त्यांनी अंकाच्या पत्त्यावर पत्र टाकावं आणि आपले प्रश्नही जोडून पाठवावेत. रक्तदाब कसा मोजायचा ते शिकवायला आमच्यातली एकजण येऊ शकेल. एसटीचं भाडं तेवढं तुमच्या गटाने द्यावं.